टॉवर एक चालेल, खोत नको

कोकणात मोबाइलच्या रेंजवरची चर्चा दोनच वाटांनी जाते. एक बाजू म्हणते, गावोगावी टॉवर द्या, प्रत्येक कंपनीचा द्या, म्हणजे ज्याचं जे सिम त्याला रेंज मिळेल. दुसरी बाजू म्हणते, एवढा पसारा कशाला, सरकारने सगळ्या कंपन्यांना एकाच नेटवर्कवर आणावं आणि विषय मिटवावा. ग्रामसभेत, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, निवडणुकीच्या प्रचारात हीच दोन मतं एकमेकांवर आदळत राहतात. दोन्ही बाजू टॉवर मोजतात. त्या टॉवरवरून हवेतली जी जागा, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, वाटली जाते तिचा हिशोब मात्र कुणी मागत नाही. माझं म्हणणं असं आहे की दऱ्याखोऱ्यांच्या आणि विरळ वस्तीच्या कोकणपट्टीत एकच रेडिओ यंत्रणा अनेक कंपन्यांनी मिळून वापरणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पण प्रत्येक कंपनीचा किमान वाटा आधी लिहून ठेवलेला, यंत्राने पाळलेला आणि तिऱ्हाइताने तपासलेला नसेल, तर त्या वाटणीतून नवी खोती, म्हणजे मध्यस्थच मालक होऊन बसण्याची रीत, उभी राहील.

आधी भूगोल. घाटावरच्या माळरानात एक टॉवर चहूबाजूंना लांबवर पोचतो. इथे सह्याद्रीच्या सोंडा थेट खाडीपर्यंत उतरतात. वर कातळाचा सडा, खाली खाडीकाठची वाडी, मध्ये आंबा-काजूची कलमं आणि डोंगराचं एखादं नाक. सड्यावर फोन खणखणतो, आणि उतरून घरी आलं की मुका होतो. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांपैकी कुठल्याही खाडीच्या काठाने फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एका महसुली गावाच्या कितीतरी वाड्या, वाडीत मोजके उंबरे, आणि त्यातलीही बरीच कुलुपं फक्त गणपतीत नि शिमग्यात उघडणारी. टॉवरचा खर्च मात्र उंबऱ्यांकडे पाहून कमी होत नाही. वीज लागते, बॅटऱ्या लागतात, डिझेल लागतं, केबल ओढावी लागते. मूठभर गिऱ्हाइकं तीन कंपन्यांत विभागली गेली तर एकीचाही खर्च सुटत नाही. म्हणून मग एक तर कुणीच येत नाही, किंवा एकच कंपनी येते आणि बाकीच्यांची सिमं त्या वाडीत निकामी ठरतात.

या दुसऱ्या परिस्थितीची खूण आपल्या सगळ्यांच्या फोनवर उमटते. नेटवर्कच्या नावाच्या जागी ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेकदा असा असतो की तुमच्या कंपनीचा टॉवर आसपास नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि तुमचा फोन त्याच्यापर्यंत पोचू शकतो. जीवावर बेतलं तर तो तुमचा कॉल घेईल, एरवी घेणार नाही. म्हणजे रेंज आहे, परवानगी नाही. लोखंड उभं आहे, वीज जळते आहे, लहरी आपल्या अंगणात पोचल्या आहेत, आणि तरी मुलीला मुंबईहून घरी फोन लागत नाही. यावर लोकांनी स्वतःच शोधलेला उपाय म्हणजे दोन सिम. घरात एक, सड्यावर दुसरं. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात विचारा, समुद्रात आत कुठल्या सिमला कुठपर्यंत रेंज राहते याचा नकाशा खलाशांच्या डोक्यात तयार असतो. नेटवर्क वाटून घेण्याचं जे काम कंपन्यांनी करायचं, ते गिऱ्हाइक दुप्पट रिचार्ज मारून करतं आहे. २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर आहे, पण ज्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते तिथे बदलून जायचं कुठे?

आता तंत्राकडे. बरेचसे गैरसमज तिथेच आहेत. टॉवरवर जागा वाटून घेणं ही नवी गोष्ट नाही. एकाच सांगाड्यावर तीन कंपन्यांचे अँटेना लटकलेले आपण रोज पाहतो. तिथे लोखंड आणि जागा सामाईक असते, यंत्रं आणि लहरी ज्याच्या त्याच्या. मी म्हणतो आहे ते त्याच्या पुढचं पाऊल आहे, ज्यात यंत्र आणि लहरीसुद्धा सामाईक होतात. फोरजीच्या यंत्रात हवेतली जागा लहान लहान ठोकळ्यांत कापलेली असते. एक ठोकळा १८० किलोहर्ट्झ रुंदीचा, आणि कुणाला किती ठोकळे हा निर्णय दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा, नव्याने होतो. १० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे ५० ठोकळे बसतात. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे हा निर्णय घेणाऱ्या यंत्रात एक थर वाढवायचा. हा थर आधी ठोकळे कंपन्यांमध्ये वाटतो, आणि आपल्या वाट्यातले ठोकळे आपल्या गिऱ्हाइकांना कसे द्यायचे हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. यंत्र एक, पण प्रत्येक कंपनीच्या दृष्टीने ते तिचंच. फोरजीच्या मानकांनुसार एक टॉवर सहा कंपन्यांपर्यंतचे संकेतांक हवेत पाठवू शकतो, त्यामुळे फोनवर नावही आपापल्या कंपनीचं येतं.

इथेच रोमिंग आणि वाटणी यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो, कारण आपल्याकडच्या चर्चेत दोन्हींची सरमिसळ होते. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल भारत निधीतून, म्हणजे दुर्गम भागांत फोनसेवा पोचवण्यासाठीच्या सरकारी निधीतून, उभारलेल्या फोरजी टॉवरांवर एकाच परिमंडळातल्या (दूरसंचार विभागातल्या) रोमिंगची, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून आपलं सिम चालवण्याची, सोय सुरू केली. सुमारे २७,००० टॉवर आणि ३५,४०० हून अधिक गावं, असा तिचा आवाका सांगितला गेला. हे पाऊल मनापासून स्वागतार्ह आहे. ‘फक्त आपत्कालीन कॉल’ची भिंत त्याने निदान काही ठिकाणी पाडली. पण रोमिंगमध्ये दुसऱ्या कंपनीचं गिऱ्हाइक हे पाहुणं असतं. टॉवरवर गर्दी झाली की पाहुण्याला किती द्यायचं हे यजमानाच्या यंत्राचे नियम ठरवतात. वाटणीत पाहुणा कुणी नसतो, सगळे हिस्सेदार. आणि कोकणातल्या माणसाला सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून नाव असणं आणि नुसतं घरात राहायला मिळणं यांतला फरक शिकवावा लागत नाही.

मग हिस्सा ठरवायचा कसा? समजा एका टॉवरवर ५० ठोकळे आहेत आणि तीन कंपन्यांत २५, १५ आणि १० असे वाटे ठरले. पक्की भिंत घातली तर रात्री तिसऱ्या कंपनीचं एकही गिऱ्हाइक जागं नसताना तिचे १० ठोकळे रिकामे जातील आणि शेजारी पहिलीचं गिऱ्हाइक तडफडत बसेल. भिंतच काढून टाकली तर मोठ्या कंपनीची गर्दी सगळं गिळेल आणि लहान कंपनीचं गिऱ्हाइक कंटाळून मोठीकडे जाईल. कागदावर वाटणी राहील, बाजारात मक्तेदारी येईल. न्याय्य रीत या दोन्हींच्या मधली आहे. प्रत्येकीचा किमान वाटा पक्का. जो वाटा वापरात नाही तो त्या क्षणी दुसरीला उसना. आणि मालकिणीचं गिऱ्हाइक आलं की पुढच्या मिलिसेकंदाला परत. हे करता येतं का? येतं. यावरचं संशोधन पंधरा वर्षांहून जुनं आहे आणि यंत्रं बाजारात आहेत. अडचण यंत्राची नाही.

पण एक अडचण खरोखरची आहे, आणि ती कोकणात इतर कुठल्याही सपाट मुलखापेक्षा जास्त बोचते. टॉवरजवळच्या माणसाला जो व्हिडिओ थोड्या ठोकळ्यांत मिळतो, तोच खाडीच्या तळाशी बसलेल्या माणसाला कित्येक पट ठोकळे खाऊन मिळतो, कारण सिग्नल कमजोर असला की प्रत्येक ठोकळ्यात कमी माहिती मावते. आता एका कंपनीची गिऱ्हाइकं बाजारपेठेत, टॉवरखाली आहेत आणि दुसरीची खालच्या वाड्यांत. दोघींना सारखा डेटा द्यायचा ठरवला तर दुसरी कंपनी बहुतेक सगळी हवा वापरेल आणि पहिली तिचा खर्च उचलेल. दोघींना सारखे ठोकळे दिले तर खालच्या वाडीतल्या माणसाचं नेट कायमचं रखडेल. दोन्ही वाटण्या समान आहेत आणि दोन्हींत कुणावर तरी अन्याय आहे. विचार करून मी ज्या मताला आलो ते असं: कंपन्या-कंपन्यांत वाटणी ठोकळ्यांचीच असावी, कारण पैसे ज्याचे घेतले तेच मोजलं गेलं पाहिजे. आपल्या हिश्श्यात खालच्या वाडीला झुकतं माप द्यायचं का, हे त्या कंपनीने ठरवावं आणि त्यावरून गिऱ्हाइकाने तिला पारखावं. साधा बोलण्याचा कॉल आणि वादळाचा इशारा मात्र या हिशोबाच्या बाहेर ठेवावेत. ते कुठल्याही सिमवर, कुठल्याही वाडीत, आधी गेले पाहिजेत.

एकच मार्ग अनेकांनी वाटून घेण्याचा अनुभव या किनाऱ्याला आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत, ७४१ किलोमीटर, पूर्ण सुरू झाली. सुरुवातीला केंद्राचा ५१ टक्के वाटा, आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चारही राज्यांनी भांडवल घातलेलं. मुंबई-गोवा, केरळकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या, ट्रकांची रो-रो, सगळं त्याच रुळांवर, आणि बहुतांश मार्ग एकेरी. प्रत्येक राज्याने आपला वेगळा रूळ टाकायचा हट्ट धरला असता तर एकही रूळ पडला नसता. पावसाळ्यात वेग कमी करावा लागतो म्हणून वेळापत्रकच वेगळं असतं. मार्गाची क्षमता घटली की वाटणीही नव्याने होते, आणि ती आधी जाहीर होते. एवढं सगळं खरं. पण क्रॉसिंगला कुणाची गाडी बाजूला काढायची, हा प्रश्नही त्याच रुळांवर आहे. लांब पल्ल्याची गाडी पुढे जाते आणि सावंतवाडीची पॅसेंजर लूप लाइनवर थांबते, ही तक्रार ज्यांच्या जमिनी गेल्या ते लोक आजही करतात. मार्ग सामाईक झाला म्हणून प्राधान्य आपोआप न्याय्य होत नाही. ते कोण ठरवतं, कुठल्या नियमाने ठरवतं, आणि तक्रार कुणाकडे करायची, हे वेगळं लिहावं लागतं.

ते लिहिलं नाही तर काय होतं, याचं उदाहरणही इथल्याच मातीत आहे. खोत हा मुळात सरकारचा सारा गोळा करणारा मध्यस्थ. वसुलीच्या सोयीसाठी नेमलेला माणूस पुढे मालकासारखा वागू लागला, कारण त्याच्या आणि कुळाच्या मधला हिशोब पाहणारं कुणी नव्हतं. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षं जमीन पडीक ठेवून संप केला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आणि खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावं लागलं. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं आहे. सार्वजनिक लहरी, डिजिटल भारत निधीचा पैसा, गावाची जागा, आणि चालवायला एक कंपनी जी इतर कंपन्यांना आपल्या अटींवर आत घेते: या मांडणीत खोती होण्यासारखं सगळं साहित्य जमलेलं आहे. सरकारने सगळ्यांना एका नेटवर्कवर आणावं, असं म्हणणाऱ्या मित्रांनी या बाजूचा विचार केलेला दिसत नाही.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, आणि ते वजनदार आहेत. पहिला स्पर्धेचा. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तो चढाओढीमुळे. सगळं सामाईक केलं तर आधी जाऊन टॉवर टाकण्याची ईर्षा कुणाला राहील? हे शहरात पूर्ण खरं आहे आणि रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीच्या बाजारपेठेतही खरं आहे. तिथे वेगवेगळी नेटवर्क असावीत, मी त्यांच्या आड येत नाही. पण जिथे दहा वर्षांत एकही कंपनी फिरकली नाही तिथल्या ईर्षेचं रक्षण करायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं? शिवाय स्पर्धा दरात होते, सेवेत होते, तक्रार ऐकून घेण्यात होते; तिला दर वेळी वेगळं लोखंड लागत नाही. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या चाकरमान्यांनी हे विजेच्या बाबतीत अनुभवलं आहे. २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे तार एका कंपनीची आणि वीज दुसरीची घेता येऊ लागली, आणि तारेचं भाडं वीज नियामक आयोग ठरवू लागला. तार बदलली नाही, पुरवठादार बदलला. आणखी एक गोष्ट. आज देशात मोजून चार कंपन्या उरल्या आहेत. त्यातल्या दुबळ्या दोघींना कोकणातल्या प्रत्येक खोऱ्यात स्वतःची यंत्रं लावायला सांगणं म्हणजे त्यांना या खोऱ्यांतून बाहेर काढणं. रास्त वाटणी झाली तरच तिसरी आणि चौथी कंपनी इथे टिकेल.

दुसरा मुद्दा मला अधिक अस्वस्थ करतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड या भागांत वीज आणि फोन दोन्ही गेले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलैला चिपळूणचा पूर. सगळ्यांनी एकच यंत्र वापरलं आणि ते पडलं तर सगळेच मुके होणार, ही भीती कुणी खोडून काढू शकत नाही. पण आजची परिस्थिती काय आहे ते पाहा. तीन कंपन्यांचे अँटेना एकाच सांगाड्यावर आहेत, वीज त्याच खांबावरून येते, आणि महामार्गाच्या खोदकामात केबल तुटली की बरेचदा सगळ्यांचीच जाते. बाहेरून दिसायला तीन नेटवर्क, आतून टेकू एकच. वाटणीत वाचणारा पैसा दुसऱ्या बाजूने येणारी केबल, काही दिवस पुरेल इतकं डिझेल आणि मोठ्या बॅटऱ्या यांवर खर्च करण्याची अट घातली, तर एक भक्कम यंत्रणा तीन कमकुवत यंत्रणांपेक्षा जास्त वेळ उभी राहील. अट घातली नाही, तर विरोधकांचं म्हणणं खरं ठरेल, हेही मान्य करतो. आणि वादळात जो टॉवर वाचला तो कुणाचाही असो, सगळ्या सिमांसाठी उघडणं ही पूर्व किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांच्या वेळी वापरलेली रीत आहे. वाटणीची यंत्रणा आधीपासून असेल तर त्यासाठी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही.

तिसरा मुद्दा परदेशी अनुभवाचा. मेक्सिकोने २०१८ मध्ये सगळ्यांसाठी एकच घाऊक नेटवर्क सुरू केलं आणि ते चालवणारी कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मलेशियाने फाइव्हजीसाठी एकच सरकारी नेटवर्क केलं आणि नंतर दुसऱ्याला परवानगी द्यावी लागली. ही उदाहरणं सतत पुढे केली जातात आणि त्यांतला धडा बरोबर आहे: एकच मालक असलेलं, इतरांनी केवळ भाड्याने घ्यायचं नेटवर्क सहसा फसतं. मी मागतो ते याहून वेगळं आहे. स्वीडनमध्ये २००० साली तिथल्या जुन्या मोठ्या कंपनीला थ्रीजीचा परवाना मिळाला नाही, तेव्हा तिने प्रतिस्पर्धी टेलेटूबरोबर भागीदारीत नेटवर्क उभारलं; दोघी मालक, गिऱ्हाइकांसाठी दोघींची लढाई चालूच. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये चारही कंपन्या आणि सरकार यांनी ग्रामीण भागासाठी करार केला. जिथे एखाद्याच कंपनीची रेंज आहे तिथली उणीव कंपन्यांनी आपल्या पैशाने भरायची, आणि जिथे कुणाचीच नाही तिथे सरकारने निधी द्यायचा. आपल्या खोऱ्यांची विभागणी अगदी याच दोन प्रकारांत होते.

गणपतीतल्या गर्दीबद्दल खोटी आशा मी दाखवणार नाही. चाकरमानी उतरले की सगळ्याच कंपन्यांची गर्दी एकाच संध्याकाळी शिगेला पोचते, उसना घ्यायला रिकामा वाटा कुणाकडे नसतो. तेव्हा वाटणी हवा वाढवणार नाही. इतकंच होईल की मोठ्या कंपनीच्या व्हिडिओखाली लहान कंपनीचा साधा फोन चिरडला जाणार नाही.

कायद्याची वाट बरीचशी मोकळी आहे. रेडिओ यंत्रणा सामाईक वापरायला २०१६ पासून परवान्यांतच मुभा आहे, एकाच पट्ट्यातल्या लहरी दोघांनी वाटून घेण्याचे नियम २०१५ चे आहेत, आणि वेगवेगळ्या पट्ट्यांतल्या लहरींनाही ती सवलत द्यावी अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामकाने एप्रिल २०२४ मध्ये केली आहे. मुभा असूनही वाटणी होत नाही, कारण ज्या कंपनीची रेंज सर्वांत लांब पोचते तिला ती वाटून घेण्यात काहीच फायदा नाही. म्हणून सक्ती सगळीकडे नको, पण जिथे सार्वजनिक पैसा लागला तिथे हवी. डिजिटल भारत निधी कंपन्यांच्या महसुलावरच्या पाच टक्के आकारणीतून येतो, म्हणजे शेवटी आपल्या रिचार्जमधून. त्या पैशाच्या टॉवरवर रोमिंगच्या पुढे जाऊन हिस्सेदारी असावी: मागेल त्या कंपनीला त्याच दराने, किमान वाटा लेखी, आणि कुणी किती ठोकळे वापरले, कुणाचे उसने घेतले याची नोंद यजमान कंपनीच्या हातात न ठेवता ट्रायने नेमलेल्या तपासनिसाकडे. ही नोंद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. टॉवरच्या जागेचा ठराव पुढच्या ग्रामसभेत येईल तेव्हा भाड्याच्या रकमेआधी या अटींवर बोलावं, आणि त्या ठरावाच्या मजकुरात घालून घ्याव्यात.